घरफोड्या झाल्यावर कॉलनीने नेमकं काय करावं: रात्रगस्त, ग्रुपवरचे फोटो, कॅमेरे आणि पोलिस

तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असं आहे की काही बंगले आणि काही छोट्या बिल्डिंगा अशी तुमची जुनी कॉलनी, दोन महिन्यांत तीन घरफोड्या झाल्या, शिवाय सकाळी फिरायला गेलेल्या एका बाईंचं मंगळसूत्र बाईकवरून ओढून नेलं. आता मीटिंगमध्ये तीन गोष्टी ठरायच्या बेतात आहेत: पोरांनी काठ्या घेऊन रात्री फिरायचं, फेरीवाले आणि भंगारवाले बंद करायचे, आणि कोणी अनोळखी दिसला की त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. तुम्ही विचारताय की यातलं काय बरोबर, आणि पोलिस काहीच करत नसतील तर लोकांनी दुसरं करायचं तरी काय.

मी पोलिस खात्यातून निवृत्त झाले, नोकरीचा बराचसा काळ शहरातल्या ठाण्यांत गेला आणि त्यातही गुन्हे शोध पथकात, म्हणजे ज्याला आम्ही डीबी म्हणतो तिथे. घरफोडीच्या जागेवर जाणं, पंचनामा, शेजाऱ्यांचे जबाब हे रोजचंच काम होतं. तेव्हा जे पाहिलंय त्यावरून सांगते.

पहिली गोष्ट, मीटिंगमध्ये सगळी चर्चा चोर कसा पकडायचा यावर चाललीय असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय. ते काम आमच्या खात्याचं आहे आणि ते खात्याने केलंच पाहिजे. कॉलनीसमोरचा प्रश्न वेगळा आहे, की चौथं घर फुटू नये. हे दोन प्रश्न एकच समजले की माणसं काठ्या शोधायला लागतात.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी तपासा. तिन्ही चोऱ्या दिवसा झाल्या की रात्री? घर बंद होतं की माणसं आत झोपलेली होती? कुलूप तोडलं की दार व्यवस्थित उघडलेलं सापडलं? तुम्ही एवढंच लिहिलंय की तिन्ही घरं बंद होती, वेळ लिहिलेली नाही. शहरातल्या बंद घरांच्या कितीतरी घरफोड्या भरदुपारी होतात, साधारण अकरा ते चार, नोकरीवाले बाहेर, म्हातारी माणसं आडवी झालेली, मुलं शाळेत. तुमच्याकडच्या तशा असतील तर रात्री दोनला शिट्ट्या मारत फिरण्याचा काडीचा उपयोग नाही, नुसती पोरांची झोप जाईल. आणि दार न तोडता उघडलेलं असेल तर चावी कुणाकुणाकडे होती, घरात कुठलं काम चालू होतं, ही चौकशी लागते, पण ती पोलिसांनी करायची. ग्रुपवर "त्यांच्या कामवाल्या मावशींनाच विचारा" असं लिहायचं नाही. एका मेसेजने त्या बाईची सगळी घरं सुटतात आणि पुढे ती निर्दोष निघाली तरी कुणी तिला परत बोलावत नाही, हे मी बघितलेलं आहे.

आता घर निवडतात कसं ते सांगते, कारण उपाय त्यातच आहे. चोर तुमच्या गल्लीत येतो तेव्हा त्याला कुणाकडे किती सोनं आहे हे बहुतेक वेळा माहीत नसतं, त्याला फक्त कोणतं घर रिकामं आहे आणि किती वेळ रिकामं राहील एवढंच बघायचं असतं. दाराबाहेर चपला नाहीत, दोन दिवसांचे पेपर तसेच पडलेत, संध्याकाळ झाली तरी दिवा नाही, आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे सेफ्टी डोअरला बाहेरून लटकणारं भलंमोठं कुलूप. लोकांना वाटतं कुलूप जितकं जड तितकं घर सुरक्षित. पंचनाम्याला गेलं की काय दिसायचं, तर कुलूप शाबूत, चकचकीत, आणि कोयंड्यासकट एका बाजूला लोंबकळतंय. कुलूप तुटलेलंच नसतं. कोयंडा लाकडात चार छोट्या स्क्रूंवर बसवलेला असतो आणि तो उचकटायला फार वेळ लागत नाही. "कडीकोयंडा उचकटून" हे शब्द मी इतक्या फिर्यादींमध्ये लिहिलेत की ते हातानेच लिहिले जायचे. म्हणून कुलुपावर पैसे घालण्याआधी सुताराला बोलवा, कोयंडा आरपार नटबोल्टने बसवून घ्या, आणि जमलं तर दाराच्या आत बसणारं लॉक लावा, म्हणजे घर बंद आहे की आत माणूस आहे हे बाहेरून कळतच नाही.

दुसरी एक गोष्ट बिल्डिंगवाल्यांसाठी. एका मजल्यावर तीन-चार फ्लॅट असतील तर सराईत टोळी आधी शेजारच्या दारांना बाहेरून कड्या लावते आणि मग निवांत काम करते. आवाज ऐकून शेजारी उठला तरी त्याला बाहेर येता येत नाही. त्यामुळे ज्या दारांना बाहेरून कडी आहे आणि ती कधी वापरली जात नाही, ती सरळ काढून टाका. आणि प्रत्येकाकडे वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या एका तरी घराचा नंबर असू द्या, फक्त समोरच्या दाराचा नको, कारण समोरचाही तुमच्यासारखाच कोंडलेला असू शकतो.

आता मुख्य मुद्दा. घरफोडी झाली की लोक अख्ख्या कॉलनीला पहारा द्यायला निघतात. पण ज्या घरात चोरी झाली ते घर आणि त्याच्या आजूबाजूची घरं, यांना पुढचे काही आठवडे बाकीच्यांपेक्षा जास्त धोका असतो. जगभर घरफोड्यांचा अभ्यास झालाय त्यात हे पुन्हा पुन्हा दिसलंय आणि पोलिस ठाण्याच्या रेकॉर्डलाही तसंच दिसायचं. कारण सोपं आहे, चोराला आता गल्ली माहीत झाली, कंपाउंड कुठून ओलांडता येतं, कुत्रं कुठल्या घरी आहे, वॉचमन कधी चहाला जातो, सगळं माहीत झालं. इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळ किर्कहोल्ट नावाची वसाहत आहे, तिथे १९८० च्या दशकात घरफोड्यांनी लोक हैराण झाले होते. तिथे त्यांनी सगळ्या वसाहतीला पहारा देण्याऐवजी फक्त फुटलेली घरं धरली. त्या घरांची दारं-खिडक्या मजबूत केल्या, घरात नाणी टाकून चालणारे गॅस-विजेचे मीटर होते ते काढले, कारण त्यातली रोकड चोरांना खेचायची, आणि प्रत्येक फुटलेल्या घराभोवतीच्या चार-सहा घरांनाच सांगितलं की तुम्ही या घराकडे लक्ष ठेवा. घरफोड्या खूप कमी झाल्या, त्याही पूर्ण वसाहतीत.

म्हणून तुमच्या तिन्ही घरांभोवती पाच-सहा घरांचा एकेक छोटा गट करा, आधी तेवढंच, बाकी कॉलनी नंतर. गटाने करायचं काय? कोणी गावाला जाणार असेल तर ते फक्त या पाच घरांना सांगायचं, कॉलनीच्या मोठ्या ग्रुपवर "आम्ही आठवडाभर नाही" असं लिहायचं नाही. मागे राहिलेल्यांनी पेपर उचलायचा, संध्याकाळी दिवा लावायचा, दारात चपलांचे दोन जोड ठेवायचे, आणि त्या घरापाशी कोणी घुटमळताना दिसला तर त्याच्याशी बोलायचं. "कोण पाहिजे तुम्हाला?" बस, एवढंच, शांतपणे, पण त्याच्या तोंडाकडे बघून. रेकी करणाऱ्याला, म्हणजे चोरीआधी पाहणी करून जाणाऱ्याला, सगळ्यात नको असतं ते म्हणजे कुणीतरी आपला चेहरा नीट बघणं. खरंच पत्ता शोधणारा असेल तर त्याला मदतच होईल. एका कॉलनीत मागच्या बंगल्याचं गेट वाजलं म्हणून एका आजींनी खिडकीतूनच "अहो, ते गावाला गेलेत, काही निरोप आहे का?" असं विचारलं. मी त्यांना नंतर हात जोडून सांगितलं की आजी, बाकी सगळं बरोबर केलंत, फक्त ते गावाला गेलेत हे सांगायचं नाही, "येतीलच आता" म्हणायचं.

आता रात्रगस्त. चोऱ्या रात्रीच्या असतील तर गस्तीला मी विरोध करणार नाही, लोक बाहेर दिसले की फरक पडतोच. पण काठ्या, रॉड, हॉकी स्टिक असलं काही नको. हातात काठी आली की माणूस ती वापरायची वेळ शोधतो. टॉर्च, शिट्टी, चार्ज केलेला फोन आणि चमकणारं जॅकेट पुरे. एकट्याने फिरायचं नाही, किमान दोघे. गस्त सुरू करण्याआधी ठाण्यात लेखी अर्ज द्या, फिरणाऱ्यांची नावं-नंबर द्या, म्हणजे नाईट राउंडची गाडी आली तर तुमच्याच पोरांना संशयित म्हणून थांबवणार नाही. आणि काही दिसलंच तर अंगावर जायचं नाही, लांब थांबायचं, आरडाओरडा करायचा, घरांचे दिवे लावायला सांगायचं आणि ११२ ला फोन. चोर पळत असेल तर पळू द्या, कुठल्या दिशेला गेला आणि कशावर गेला एवढं बघा. त्यांच्याकडे कटावणी असतेच, कधी कोयता असतो, आणि कोंडीत सापडलेला माणूस वार करतो. चोरीला गेलेलं सोनं पुन्हा घेता येतं.

"पण आम्ही पकडू शकतो ना कायद्याने?" असं कोणीतरी विचारणारच. तर हो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये सामान्य माणसालाही अटक करता येते, पण त्याच्या डोळ्यांसमोर दखलपात्र (म्हणजे ज्यात पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र गुन्हा घडत असेल किंवा समोरचा माणूस घोषित फरारी गुन्हेगार असेल तरच, आणि विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. "संशयित दिसला" यावर कुणाला धरून ठेवायचा अधिकार तुम्हाला नाही. मारहाणीचा तर नाहीच. माझं म्हणाल तर सहा तास कशाला, धरलाच तर बसवा, पाणी द्या, चारजणांनी नुसतं उभं राहा आणि लगेच ११२ ला कळवा. तेव्हा गर्दीतला पहिला हात ज्याने अडवला तो माणूस त्या रात्री दोन घरं वाचवतो, त्या धरलेल्याचं आणि हात उचलणाऱ्याचं.

याच कारणासाठी ग्रुपवर फोटो टाकण्याच्या प्रकाराला माझा स्पष्ट नकार आहे, आणि यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात काय झालं ते आठवा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी, आठवडी बाजारात आली होती. मुलं पळवणारी टोळी आलीय अशा अफवा मोबाईलवर आधीपासून फिरतच होत्या. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, पाचही जण गेले. त्यांनी काहीही केलेलं नव्हतं. तुम्ही म्हणाल आमची कॉलनी शिकलेल्यांची आहे, आमच्याकडे असं होणार नाही. अहो, "हा माणूस सकाळपासून फिरतोय, सावध राहा" असा मेसेज फोटोसकट एका ग्रुपमधून दहा ग्रुपमध्ये जायला किती वेळ लागतो? दहाव्या ग्रुपमध्ये तोच माणूस चोर झालेला असतो आणि विसाव्या ग्रुपमध्ये मुलं पळवणारा. आजच्या कायद्यात पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मठिकाण अशा कारणावरून जीव घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली फाशी किंवा जन्मठेप आहे, पण कलम लागेपर्यंत माणूस गेलेला असतो.

आणि फोटो कुणाचे निघतात तेही बघा. ज्याचे कपडे मळलेले, ज्याची भाषा वेगळी, जो पारधी किंवा तसल्या एखाद्या भटक्या समाजाचा वाटतो त्याचे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या, १९५२ साली त्या विमुक्त झाल्या, पण लोकांच्या नजरेतला शिक्का अजून गेलेला नाही आणि आमच्या खात्यातही तो होता, हे मी स्वतः ऐकलंय आणि त्यावर वादही घातलेत. उलट मी डीबीत असताना जे सराईत बघितले त्यांतले कितीतरी नीटनेटके होते, इस्त्रीचा शर्ट, पाठीला लॅपटॉपची बॅग, हातात कुरियरचं पाकीट. त्यांचा फोटो तुमच्या ग्रुपवर कधीच आला नसता. म्हणजे या पद्धतीने निरपराध माणसाला त्रास होतो आणि चोर सुटतो. काही संशयास्पद वाटलं तर फोन ११२ ला किंवा बीट अंमलदाराला, म्हणजे तुमचा भाग ज्याच्याकडे दिलेला असतो त्या पोलिसाला, करा, वर्णन त्यांना द्या, ग्रुपवर नको.

फेरीवाल्यांचं तसंच. रस्ता महापालिकेच्या ताब्यातला असेल तर बंदी घालायचा तुम्हाला अधिकार नाही हा एक भाग झाला, पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की दुपारी दोन वाजता तुमच्या गल्लीत कोण असतं? भाजीची गाडी, इस्त्रीवाला, पाळणाघरातून मुलं आणणारी बाई. तेच तर तुमचे दुपारचे डोळे. त्यांना हाकलून गल्ली रिकामी केली तर चोराचं काम सोपं झालं. रोजच्या फेरीवाल्यांशी ओळख करा, नावं विचारा, आणि सांगा की काही वेगळं दिसलं तर या नंबरवर फोन कर. मला कामाच्या बातम्या अशाच माणसांकडून जास्त मिळायच्या.

ओळखीने काय होतं याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण भिवंडीचं. १९७० आणि १९८४ ला तिथे भयंकर हिंदू-मुस्लिम दंगली झाल्या. नंतर पोलिस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या, दोन्ही समाजांची साधी माणसं आणि त्या भागातला पोलिस नियमित एकत्र बसायचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ ला मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. दंगल आणि घरफोडी वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य, पण बीटवरच्या पोलिसाला तुमच्या गल्लीतली दहा माणसं नावाने माहीत असणं, आणि त्या दहांना तो माहीत असणं, याचा उपयोग दोन्हीकडे सारखाच होतो.

कॅमेऱ्यांबद्दल. लावा, पण लावलेले बघा तरी. किती वेळा फुटेज मागितलं की काय निघायचं, तर कॅमेरा इतका उंच की फक्त टोप्या आणि डोकी, रात्री हेडलाइटचा उजेड समोरून आल्यामुळे नंबर प्लेट नुसती पांढरी, आणि डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचं, घड्याळ पंधरा-वीस मिनिटं पुढे. हे घड्याळाचं फार छोटं वाटतं, पण चौकातल्या कॅमेऱ्याशी ताळा करताना सगळा तपास त्यावर अडतो. गेटवरचा एक तरी कॅमेरा माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीच्या जवळ लावा. दर महिन्याला एकाने बसून रात्रीचं पाच मिनिटांचं फुटेज खरंच बघायचं आणि घड्याळ जुळवायचं. चोरी झाली की फुटेज लगेच वेगळं काढून ठेवा, कारण डीव्हीआर काही दिवसांनी जुन्यावर नवीन लिहितो, आणि मूळ डीव्हीआरला हात न लावता पोलिसांना कळवा, कोर्टात ते पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

वॉचमन एजन्सीकडून घेत असाल तर एजन्सीकडे पसारा (PSARA) लायसन्स, म्हणजे खासगी सुरक्षा एजन्सीचा परवाना, आहे का बघा, २००५ च्या कायद्याने ते बंधनकारक आहे, आणि माणसाचं पोलिस व्हेरिफिकेशन झालंय का तेही. बारा तासांच्या ड्युटीत पहाटे तीनला माणूस पेंगणारच, त्याला ओरडून काही होत नाही, दोन पाळ्या नीट वाटून द्या. बंद पथदिव्याची तक्रार करताना खांबावरचा नंबर लिहा, नाहीतर माणूस येऊन भलत्याच खांबाला बघून जातो. झाडाच्या फांद्यांनी उजेड अडला असेल तर तेही कळवा.

आता "पोलिस काही करत नाहीत" हे. असं होतं, मी नाही म्हणणार नाही. पण आधी हे बघा की तिन्ही घरवाल्यांकडे एफआयआरची प्रत आहे का? बऱ्याचदा लोक नुसता तक्रार अर्ज देऊन पोच घेऊन येतात आणि गुन्हा दाखल झाला असं समजतात. घरफोडी दखलपात्र आहे, एफआयआर घेतलीच पाहिजे, प्रत फुकट मिळते, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात कुठल्याही ठाण्यात देता येते, ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. घेतली नाही तर आयुक्तालय असेल तिथे पोलिस उपायुक्तांना, नसेल तिथे पोलिस अधीक्षकांना लेखी कळवा, त्यानेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट आहेत. गेलेल्या दागिन्यांच्या पावत्या आणि ते घातलेले लग्नाकार्यातले फोटो काढून ठेवा, माल सापडला तरी तो तुमचाच आहे हे दाखवल्याशिवाय कोर्टातून सुटत नाही. आणि पुढे कधी घर फुटलेलं दिसलं तर पोलिस येईपर्यंत कपाटाला हात लावू नका, किती वेळा ठसेवाले यायच्या आत घरच्यांनी सगळं आवरून ठेवलेलं असतं.

मग पाच-सहाजण, जास्त नको, ठाण्यात जा आणि मोघम बोलू नका. "गस्त वाढवा" म्हटलं की "वाढवतो" हेच उत्तर मिळतं. त्यापेक्षा तिन्ही घरं दाखवणारा हाताने काढलेला नकाशा न्या, वेळा लिहा, आणि मागा की नाईट राउंडचा एक पॉइंट या कोपऱ्यावर द्या. बऱ्याच शहरांत गस्तीच्या पॉइंटला क्यूआर कोड लावतात आणि बीट मार्शलला तो स्कॅन करावाच लागतो, तसा एक मागा. बीट अंमलदाराला महिन्यातून एकदा कॉलनीत बोलवा, भाषणाला नको, नुसतं येऊन बसायला.

चेन स्नॅचिंगचं थोडक्यात. बाईक बहुतेक वेळा मागून येते, म्हणून फिरताना समोरून गाडी येईल अशा बाजूने चाला, दोघी-तिघी मिळून जा, आणि घडलंच तर नंबर दिसला नाही म्हणून थांबू नका, बाईकचा रंग, हेल्मेट आणि दिशा सांगून पहिल्या दोन मिनिटांत ११२ ला फोन करा. नाकाबंदीला तेवढंच लागतं. तास-दीड तासाने, घरी जाऊन चर्चा करून मग ठाण्यात आलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्यात, तोवर बाईक शहराबाहेर गेलेली असते.

तिन्ही घरफोड्यांच्या वेळा, निदान शेवटचं घर कधी नीट पाहिलं आणि फुटलेलं कधी दिसलं, एवढं त्या घरच्यांना विचारून इथे लिहा. आणि विचारायला जाल तेव्हा थोडं बसा त्यांच्याकडे, चोरी झालेल्या घरातल्या बाईला महिना-महिना रात्री झोप लागत नाही आणि ते कुणी विचारत नाही. वेळा कळल्या की गस्त लागते की दुपारचा गट पुरतो, ते नेमकं सांगता येईल.